काय वाचू? : ‘१९८४’ संपली, आता पुढं कोणती?

डिस्टोपियन कादंबऱ्या, म्हणजे बिघडलेल्या उद्याच्या गोष्टी, या विषयावर गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. भुसावळपासून शहाद्यापर्यंतची पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. कुठल्याच कादंबरीचा शेवट खाली फोडलेला नाही, निर्धास्त वाचा.

ऑर्वेलची ‘१९८४’ नुकतीच इंग्रजीत पूर्ण केली, पहिल्यांदाच एवढं मोठं इंग्रजी पुस्तक. मित्रानं पुढची यादी दिली: हक्सली, झाम्यातिन, ब्रॅडबरी, बर्जेस, ॲटवुड. विकत एकच घेणार. रोज गाडीत जाता-येता मिळून अर्धा तास मिळतो. कोणती घेऊ? (एक वाचक, भुसावळ)

‘फॅरनहाइट ४५१’ घ्या. रे ब्रॅडबरी, १९५३.

पहिलं कारण हिशेबाचं. ‘१९८४’ सुमारे ९० हजार शब्दांची आहे. मिनिटाला १५० शब्द हा सावकाश वाचणाऱ्याचा वेग धरला तर ती १० तासांची, तुमच्या अर्ध्या तासानं २० दिवसांची. ‘फॅरनहाइट’ त्याच्या निम्मी, सुमारे ४६ हजार शब्दांची. दहा-अकरा दिवसांत हातावेगळी होते. मोठं पुस्तक संपवल्यावर लगेच दुसरं मोठं उचललं की ते बहुधा साठाव्या पानावर उपडं पडून राहतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. ऑर्वेलच्या जगात सरकार कागद जाळतं आणि लोक मुकाट बघतात. ब्रॅडबरीच्या जगात पुस्तकं जाळणारा बंबवाला माँटॅग आहे, पण वाचणं लोकांनी आधीच आपण होऊन सोडलेलं आहे. जाळण्याचा हुकूम मागाहून आला. हे सगळं त्याचा साहेब बीटी पहिल्या भागाच्या शेवटी, माँटॅग आजारी म्हणून पडलेला असताना, पलंगाशी बसून सांगतो. ती पानं गाडीत वाचू नका, घरी बसून वाचा. कादंबरीचा जीव तिथं आहे. माँटॅगच्या बायकोच्या कानात शिंपल्याएवढे रेडिओ रात्रंदिवस बसवलेले असतात, दिवाणखान्याच्या तीन भिंती टीव्हीच्या आहेत आणि तिला चौथी हवी आहे. १९५३ सालचं हे लिखाण. भुसावळ गाडीच्या डब्यात वाचताना मान वर करून आजूबाजूला पाहा म्हणजे झालं.

अडचण कुठं येईल तेही सांगतो. ब्रॅडबरी उपमा एकावर एक रचतो. पहिल्याच पानावर रॉकेलच्या नळीचा अजगर होतो. प्रत्येक शब्दाला शब्दकोश उघडलात तर पहिली वीस पानं चार दिवस खातील. पहिल्या वाचनात पानामागं दोनच शब्द बघायचे, बाकी सोडून द्यायचे. शीर्षकातला आकडा म्हणजे कागद पेट घेतो ते तापमान असं पुस्तक सांगतं. आपल्या मापात साधारण २३३ अंश सेल्सियस. जळगावचा मे कितीही तापला तरी तिथवर जात नाही.

झाम्यातिनची ‘वी’, म्हणजे ‘आम्ही’, आत्ता घेऊ नका. वाईट आहे म्हणून नव्हे. ती १९२०-२१ मध्ये लिहिली गेली, १९२४ साली न्यूयॉर्कला इंग्रजीत आधी छापली गेली, आणि तिच्या स्वतःच्या देशात, रशियात, छापून यायला १९८८ उजाडलं. ऑर्वेलनं जानेवारी १९४६ मध्ये तिच्यावर लेख लिहिला होता. त्यामुळं ‘१९८४’च्या पाठोपाठ वाचलीत तर रोजनिशी लिहिणारा इमानी नागरिक, त्याला बिघडवणारी बाई, वर बसलेला एकच एक मालक हा सगळा सांगाडा ओळखीचा वाटतो आणि अन्याय झाम्यातिनवर होतो. सहा महिने जाऊ द्या. मग घ्याल तेव्हा अनुवादक बघून घ्या: क्लॅरेन्स ब्राउन किंवा नताशा रँडल यांचं इंग्रजी १९२४च्या जुन्या अनुवादापेक्षा सरळ चालतं. सांगणारा गणिती आहे, नाव डी-५०३. घरं काचेची, आणि पडदा ओढायचा तर गुलाबी चिठ्ठी लागते. प्रकरणांऐवजी ४० नोंदी आहेत, दिवसाला दोन याप्रमाणं वीस दिवस. त्याचं वाक्य मध्येच तुटलं तर छपाईची चूक समजू नका. माणूस तुटत चालला की वाक्यं तुटतात.

हक्सलीची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ दोनदा सुरू केली, दोन्ही वेळा तिसऱ्या प्रकरणात सोडली. कोण काय बोलतंय तेच कळेना. माझं इंग्रजी कच्चं की पुस्तकच तसं? (पदवीचा विद्यार्थी, अमळनेर)

पुस्तकच तसं. इंग्रजी पक्कं असलेलेही तिथंच अडकतात.

तिसऱ्या प्रकरणात हक्सली एकाच वेळी तीन ठिकाणं दाखवतो. बागेत मुस्तफा माँड हा मोठा अधिकारी विद्यार्थ्यांना जुन्या जगाची माहिती देतोय. मुलींच्या कपडे बदलण्याच्या खोलीत लेनिना आणि फॅनी बोलताहेत. पुरुषांच्या खोलीत दोघं जण लेनिनाबद्दल बोलताहेत आणि बर्नार्ड मार्क्स ते ऐकून आतल्या आत जळतोय. सुरुवातीला प्रत्येक जागेला परिच्छेद मिळतात. मग चार ओळी. मग एकेकच ओळ, आणि कोण बोललं ते लिहायचंच बंद. त्यात चौथा आवाज मिसळतो तो झोपेत मुलांच्या कानात घोळवल्या जाणाऱ्या धड्यांचा: शिवण्यापेक्षा टाकणं बरं, या थाटाचा.

उपाय पेन्सिलीचा. प्रकरण दोनदा वाचायचं. पहिल्या वेळी अर्थाच्या मागं न लागता समासात फक्त अक्षर टाकत जा: माँडला ‘म’, लेनिनाच्या खोलीला ‘ले’, बर्नार्डच्या खोलीला ‘ब’, झोपेतल्या धड्यांना ‘झो’. ओळखायचं कसं? आई, घर, कुटुंब, इतिहास, फोर्ड असे शब्द आले की बहुतेक ‘म’. कपडे, पट्टे, कुणाबरोबर किती दिवस फिरतेस, हे ‘ले’. चिडचिड दिसली की ‘ब’. जाहिरातीसारखं घोटून घोटून येणारं वाक्य ‘झो’. मग दुसऱ्या वेळी आधी सगळे ‘म’ सलग वाचा, नंतर सगळे ‘ले’. तासाभरात गाठ सुटते. पुस्तक वाचनालयाचं असेल तर तेवढ्या पानांची झेरॉक्स काढा, पुस्तकावर पेन्सिल नको. शेवटी एकदा मूळ क्रमानं वाचलंत की त्यानं हा काला का केला ते कळेल: माँड प्रेमाचं दुःख कसं संपवलं ते सांगतोय आणि खालच्याच ओळीत बर्नार्ड तेच दुःख भोगतोय.

पहिल्या दोन प्रकरणांत आणखी एक फसगत आहे. संचालक विद्यार्थ्यांना बाळं बनवण्याचा कारखाना दाखवतो, विद्यार्थी भराभर टिपून घेतात, आणि आपल्यालाही वाटतं हे पाठ करायला हवं. नको. तीनच गोष्टी ध्यानात ठेवा: एका अंड्यातून ९६ पर्यंत सारखी माणसं काढतात, अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा, एप्सिलॉन अशा पाच जाती बाटलीतच ठरतात, आणि मन खट्टू झालं की सोमा नावाची गोळी घेतात. नाव आपल्या वेदांतल्या सोमावरूनच घेतलंय. कालगणना फोर्डच्या १९०८ सालच्या मॉडेल टी मोटारीपासून चालते, म्हणून गोष्टीतलं ६३२ साल म्हणजे आपलं २५४०. चौथ्या प्रकरणापासून गोष्ट सरळ आहे. सातव्यात वस्ती बदलते, जॉन येतो, आणि १६-१७ या दोन प्रकरणांत त्याचा आणि माँडचा जो वाद होतो त्यासाठी हा सगळा खटाटोप.

एक योगायोग अमळनेरच्या वाचकाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. ही कादंबरी १९३२ची, प्रकरणं १८. त्याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते आणि तुमच्या गावच्या शाळेत शिकवलेले साने गुरुजी ते उतरवून घेत होते. प्रवचनं १८. संबंध काही नाही.

फुटपाथवर ‘१९८४’ स्वस्तात मिळाली. छपाई बरी दिसते, पण पूर्ण आहे का हे कसं ओळखायचं? अशी स्वस्त प्रत घेणं बेकायदा तर नाही? (एक वाचक, धुळे)

कायद्याचं आधी. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, पुढच्या १ जानेवारीपासून मोजून, हक्क राहतो. ऑर्वेल जानेवारी १९५० मध्ये गेला, म्हणून २०११ पासून भारतात कुणीही त्याचं मूळ इंग्रजी छापू शकतं. हक्सली १९६३ मध्ये गेला, तो २०२४ पासून मोकळा. म्हणजे या दोघांची स्वस्त प्रत निव्वळ स्वस्त म्हणून चोरीची ठरत नाही. ब्रॅडबरी २०१२ मध्ये गेला, बर्जेस १९९३ मध्ये, ॲटवुडबाई लिहित्या आहेत. यांची फुटपाथवरची नवीकोरी, फिकट छपाईची प्रत चोरीचीच समजा. आणि मूळ लेखक मोकळा झाला तरी मराठी अनुवादाचा हक्क वेगळा असतो, तो अनुवादकाच्या आयुष्यावर मोजतात.

आता प्रत तपासा. ‘१९८४’चे तीन भाग: ८, १० आणि ६ प्रकरणं. त्यानंतर न्यूस्पीक या कादंबरीतल्या सरकारी भाषेवरचं परिशिष्ट हवंच. पहिल्या प्रकरणात एक तळटीप आहे, ती याच परिशिष्टाकडे बोट दाखवते. तळटीप आहे आणि परिशिष्ट नाही अशी प्रत सरळ परत करा. अमेरिकेतल्या एका पुस्तक मंडळानं हे परिशिष्ट आणि कादंबरीतच येणाऱ्या गोल्डस्टाइनच्या पुस्तकाची पानं गाळायची अट घातली होती. ऑर्वेलनं मोठ्या विक्रीवर पाणी सोडायची तयारी ठेवून नकार दिला, आणि मंडळानंच माघार घेतली.

दुसरी खूण बारीक आहे. तिसऱ्या भागाच्या सहाव्या प्रकरणात नायक विन्स्टन टेबलावरच्या धुळीत बोटानं २ + २ = ५ असं लिहितो. काही जुन्या ब्रिटिश छपायांत तिथला ५ गळला आणि नुसतं ‘२ + २ =’ राहिलं. एका आकड्यानं विन्स्टनचं काय झालं याचा अर्थ फिरतो. तिसरी खूण स्कॅन करून छापलेल्या प्रतींची: यंत्र आर आणि एन शेजारी दिसले की एम वाचतं, मग ‘मॉडर्न’चा ‘मोडेम’ होतो. १९४९ सालच्या कादंबरीत मोडेम सापडला तर समजा की प्रत कुणी डोळ्यांखालून घातलेलीच नाही.

हाच नियम बर्जेसच्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ला. सात-सात प्रकरणांचे तीन भाग, एकूण २१. जुन्या अमेरिकी आवृत्तीत शेवटचं प्रकरण गाळलेलं होतं, ते तिकडं १९८६ मध्ये परत आलं. वीसच प्रकरणं असतील तर तुम्ही वेगळ्या शेवटाची कादंबरी वाचताय. आणि ‘फॅरनहाइट’ची तर गंमतच: पुस्तकं जाळण्याविरुद्धच्या या पुस्तकातली पाऊणशे ठिकाणं प्रकाशकानंच शाळेच्या आवृत्तीसाठी १९६७ मध्ये गुपचूप बदलली. आता बाजारात असते ती दुरुस्त प्रत, त्याची काळजी नको.

मुलगी नववीत आहे, मराठी माध्यम. शिक्षकांनी ‘१९८४’ सुचवली. झेपेल का? घरी शेती आहे, आम्हाला या विषयातलं काही कळत नाही. (एक पालक, शहादा)

भाऊ, झेपण्यापेक्षा तिसऱ्या भागाचा प्रश्न आहे. त्यात छळ आहे, सविस्तर आणि लांब. अकरावी-बारावीपर्यंत थांबा. आत्ता त्याच लेखकाची ‘ॲनिमल फार्म’ द्या. १९४५ची, दहा प्रकरणं, सुमारे ३० हजार शब्द. मराठी अनुवाद सहज मिळतो. दिवसाला एक प्रकरण, दहा दिवस.

गोष्टीतल्या डुकरांपैकी नेपोलियन म्हणजे रशियाचा स्टॅलिन, स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की ही किल्ली तिला आधी देऊ नका. किल्ली आधी मिळाली की मुलं जनावरं सोडून रशिया शोधत बसतात आणि गोष्टीचा प्रश्नपत्रिकेतला जोड्या लावा होतो. त्याऐवजी दुसऱ्या प्रकरणात कोठाराच्या भिंतीवर लिहिलेले सात नियम तिला वहीत उतरवून घ्यायला सांगा, एकेका ओळीत, पुढं जागा सोडून. सहाव्या प्रकरणात पलंगाचा नियम, आठव्याच्या सुरुवातीला मारण्याचा आणि शेवटी दारूचा, असे शब्द वाढत जातात. प्रत्येक वेळी तिनं वही काढून ताडायचं. जनावरांना आठवत नाही की नियम आधी काय होता. तिच्याकडे मात्र वही असते. दहाव्या प्रकरणात भिंतीवर काय उरतं ते तिचं तिला सापडू द्या.

आणि विषयातलं कळत नाही म्हणू नका. बॉक्सर नावाचा एक घोडा आहे, सगळ्यात जास्त राबणारा. ज्या घरात पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतात आणि थकलेल्या बैलाचं पुढं काय करायचं यावरून रात्री उशिरापर्यंत बोलणं चालतं, त्या घरच्या मुलीला नववं प्रकरण समजावून द्यावं लागत नाही. ते वाचेल त्या संध्याकाळी तिच्याजवळ बसा.

इंग्रजीची सवय लागली की लोइस लॉरीची ‘द गिव्हर’ (१९९३) द्या. बारा वर्षांचा नायक, सोपी वाक्यं. ‘क्लॉकवर्क ऑरेंज’ आणि ‘हँडमेड्स टेल’ अठरापर्यंत नको.

आमची अकरा जणींची भिशी आहे. यंदा पैशांबरोबर पुस्तकही ठरवलंय, ‘द हँडमेड्स टेल’. तीन महिने हातात आहेत. निम्म्या जणींचं इंग्रजी बेताचं. कसं वाटून वाचावं? (भिशीतल्या मैत्रिणी, जळगाव)

ताई, पानं मोजून वाटू नका. मार्गारेट ॲटवुडनं (१९८५) थांबायच्या जागा आखूनच दिल्यात. पुस्तकाचे १५ खंड, ४६ प्रकरणं. विषम क्रमांकाच्या खंडांचं नाव ‘रात्र’ आहे, फक्त पाचव्याचं ‘दुपारची झोप’; आणि या प्रत्येकात एकेकच प्रकरण. थांबायचं ते रात्रीपाशी. पहिल्या भिशीला १८व्या प्रकरणापर्यंत, दुसरीला ३०व्यापर्यंत, तिसरीला शेवटपर्यंत. तिसरा वाटा रागरंगानं जड आहे, पण वेगानं जातो.

पहिल्या चाळीस पानांत तक्रार एकच येते: आत्ताचं चाललंय की जुनं आठवतेय? खूण अशी की आत्ताच्या संवादांना अवतरणचिन्हं असतात, आठवणीतल्या बोलण्याला बहुतेक नसतात. एवढं ज्या मैत्रिणीला आधी सांगाल ती सोडून देणार नाही. इंग्रजी बेताचं असलेल्यांसाठी ‘रात्र’ची प्रकरणं कुणीतरी मोठ्यानं वाचा आणि तिथल्या तिथं मराठीत सांगा; ती छोटी आहेत.

बोलायला विषय काढावा लागणार नाही. नायिकेचं नाव ऑफ्रेड, म्हणजे ‘फ्रेडची’. ज्या घरात ठेवलंय त्या पुरुषाच्या नावावरून पडलेलं. दुसऱ्या घरी पाठवलं की नाव बदलणार. लग्नात तांदळात अंगठीनं नवं नाव लिहून घेतलेल्या, आणि रेशनकार्डापासून सातबाऱ्यापर्यंत मधल्या नावाचा प्रवास केलेल्या अकरा जणी एकत्र बसल्यात म्हटल्यावर पहिली भिशी इथंच संपेल. बायकांना वाचायची बंदी, म्हणून दुकानांच्या पाट्यांवर शब्द नाहीत, चित्रं आहेत, हेही बघा. जगात कुठं ना कुठं, कधी ना कधी घडलेलं नाही असं काही घालायचं नाही, हा ॲटवुडचा स्वतःला घातलेला नियम होता.

४६व्या प्रकरणानंतर ‘हिस्टॉरिकल नोट्स’ आहेत. परिशिष्ट समजून निम्मे वाचक गाळतात. गाळू नका, तो कादंबरीचाच भाग आहे, आणि त्यातल्या प्राध्यापकाचा विनोद ऐकून श्रोते कुठं हसतात तिथं खूण करा. पुढचा भाग ‘द टेस्टामेंट्स’ (२०१९) लागोपाठ घेऊ नका. पहिल्याची उघडी ठेवलेली दारं तो लावून टाकतो.

‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ डिस्टोपियात धरतात का? (चोपडा)

याद्यांत धरतात, आम्ही धरत नाही. तिथं बिघडलेली व्यवस्था नाही. बेटावर व्यवस्था उभीच राहत नाही. १९५४ची, १२ प्रकरणं, वाचा जरूर, पण वरच्या पुस्तकांच्या रांगेत लावून नको.

घरात अहिराणी, शाळा मराठीत. ‘१९८४’ मराठी अनुवादात वाचतोय. न्यूस्पीक म्हणजे नेमकं काय ते डोक्यात शिरत नाही. (दोंडाईचा)

अनुवादकाचा दोष कमी, कामच अवघड. पहिल्या भागाचं पाचवं प्रकरण आणि शेवटचं परिशिष्ट एवढंच इंग्रजीत शेजारी ठेवून वाचा. न्यूस्पीकमध्ये ‘मुक्त’ हा शब्द ठेवलाय, पण शेत तणापासून मुक्त आहे एवढंच सांगायला. तणमुक्त शेत म्हणता येतं, मुक्त माणूस म्हणता येत नाही. म्हणायला गेलं तर वाक्यच होत नाही.

कँटीनमध्ये न्यूस्पीकच्या शब्दकोशावर काम करणारा साइम विन्स्टनला शब्द कसे छाटतात ते खुशीत सांगतो: ‘चांगलं’ असताना ‘वाईट’ कशाला, ‘अचांगलं’ पुरे. जोर हवा तर ‘अधिकचांगलं’, त्याहून हवा तर ‘दुप्पटअधिकचांगलं’. घरी करून पाहा. भरताची वांगी काट्यांवर भाजून, मिरची-लसूण ठेचून, कळण्याच्या भाकरीबरोबर ताट पुढं आलं की खमंग, झणझणीत, तिखटजाळ यांतला एकही शब्द वापरायचा नाही. अहिराणीतला तर नाहीच. माय विचारील, कसं झालंय? तुम्ही म्हणायचं, अधिकचांगलं. ती पुन्हा विचारील.